ऐकणारा कोणाचा?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धती ह्यांपैकी कशावर तरी बोलणार, असे आपण धरून चालता. आणि बहुधा आपला अंदाज चुकत नाही. आज तो आम्ही चुकविणार आहोत. आजचा विषय मनाच्या दुखण्याचा आहे. अधिक नेमके सांगायचे तर, मनाने दुखावलेला माणूस आपले अंतःकरण परक्यापुढे केव्हा उघडे करतो आणि केव्हा करीत नाही, ह्याचा आहे. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. मानसशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे वाचले ते नगर वाचनालयाच्या कृपेने आणि रद्दीच्या दुकानातल्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगातून, मांडीवर शब्दकोश घेऊन. तेव्हा शास्त्राच्या अंगाने कोठे पाय घसरला तर जाणकारांनी सभेनंतर खुशाल कान धरावा.

हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. आमच्या युनियनच्या कचेरीत टेबलाच्या बाजूला एक लोखंडी खुर्ची आहे. मागणी घेऊन आलेला कामगार टेबलासमोर उभ्याउभ्याच बोलतो. त्या खुर्चीवर जो बसतो तो दुसरेच काही सांगायला आलेला असतो, आणि ते तो पहिल्या अर्ध्या तासात सांगत नाही. तीस वर्षे त्या खुर्चीशेजारी काढल्यावर ऐकणे ही काय चीज आहे, ह्याचा शोध घ्यावासा वाटला.

ऐकण्याच्या ह्या धंद्याला मराठीत समुपदेशन असे नाव पडले आहे. ज्या विद्येच्या पहिल्या धड्यात ‘उपदेश करू नका’ असे सांगतात, तिच्या नावातच उपदेश ठाण मांडून बसावा, ही गंमतच म्हणायची. असो, रूढ झालेला शब्द आम्ही बदलू जाणार नाही. सर्वसाधारण समजूत अशी की, ही विद्या व्हिएन्नाच्या फ्रॉइडसाहेबांच्या कोचावरून खाली उतरली. ती खोटी नाही. पण तिचा एक ओढा टेलिफोनचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून वाहत आला आहे, आणि त्याची हकिगत आपल्याकडे व्यवस्थापनाचे विद्यार्थी सोडले तर फारसे कोणी सांगत नाही. तेही ती मालकाच्या खिडकीतून पाहून सांगतात.

अमेरिकेत शिकागो शहराला लागून सिसरो नावाचे गाव आहे. तेथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. १९२९ च्या सुमारास ह्या एका कारखान्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. १९२७ साली तेथे एक प्रयोग सुरू झाला. रिले नावाचा टेलिफोनचा लहानसा भाग जुळविणाऱ्या पाच मुली वेगळ्या खोलीत बसविल्या, त्यांच्या विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, मजुरीची रीत आलटूनपालटून पाहिली, आणि उत्पादन वाढत गेले. माणसाकडे लक्ष दिले की माणूस जास्त काम करतो, असा ह्या प्रयोगाचा मथितार्थ पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. पण त्या पाचांपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत त्या खोलीतून बदलण्यात आले. फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, ही त्यांच्याविरुद्धची तक्रार होती. कामगाराचे ऐकून घेण्याच्या थोर परंपरेचा आरंभ बोलणाऱ्या दोन पोरींना बाहेर काढून झाला, हे पाठ्यपुस्तकात बारीक टाइपातच असते.

त्याच १९२८ साली कंपनीने मुलाखतींचा कार्यक्रम हाती घेतला आणि दोन-तीन वर्षांत एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आधी मुलाखतकारांच्या हाती प्रश्नांची यादी असे: मुकादम कसा आहे, उजेड पुरतो का, काम आवडते का. लवकरच लक्षात आले की, माणसे यादीतल्या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देतात आणि मग आपल्या मनातले बोलू लागतात. मुलाखतकार त्यांना ओढून यादीवर आणतो, आणि ती पुन्हा सटकतात. शेवटी १९२९ साली यादी बाजूला ठेवली गेली. कामगार नेईल तिकडे जायचे, असे ठरले. जी मुलाखत अर्ध्या तासात आटपे ती दीड तास चालू लागली. ह्यातून जे नियम निघाले ते आजही कोणत्याही समुपदेशकाने भिंतीवर लावावेत असे आहेत. धीराने आणि आपुलकीने, पण डोके जागे ठेवून ऐकावे; अधिकार गाजवू नये; सल्ला देऊ नये, नीतिपाठ देऊ नये; वाद घालू नये. एल्टन मेयो हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले हार्वर्डचे प्राध्यापक ह्या कामाचे तत्त्वज्ञ होते. रोथ्लिसबर्गर आणि डिक्सन ह्यांनी त्यावर लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९३९ साली निघाला. तो आम्हांला रद्दीत मिळाला, आणि पुढची पाने वाळवीने खाल्लेली असल्यामुळे काही प्रकरणे आम्ही पुढे वाचनालयातून पुरी केली.

ह्या मुलाखतींतल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. एका बाईचे आपल्या वरिष्ठाशी मुळीच पटत नसे. बोलता बोलता तिचे तिलाच उमगले की, तो तिला आपल्या नकोशा सावत्र बापासारखा दिसतो. मुलाखतकाराने हे तिला सांगितले नव्हते. त्याने फक्त मध्ये तोंड घातले नाही, तेवढ्यानेच हे घडले. दुसरी गोष्ट उपाहारगृहातल्या जेवणाची. एका बाईने मुलाखतीत जेवणाविषयी कडाडून तक्रार केली. पुढे भेट झाली तेव्हा तिने मुलाखतकाराचे आभार मानले: तुम्ही माझे म्हणणे वरपर्यंत पोचविलेत, आता जेवण सुधारले. वस्तुतः जेवणात काडीचाही फरक झालेला नव्हता.

श्रोतेहो, पहिली गोष्ट वाचून आम्ही हात जोडले. दुसरी वाचून कपाळाला हात लावला. मन मोकळे केल्याने कडू घासही गोड लागतो, हे खरे असेल. पण मालकाच्या हाती हे गुपित लागले तर तो स्वयंपाकी बदलील की आणखी दोन मुलाखतकार नेमील?

मंदी आली, मोठी कपात झाली, आणि मुलाखती बंद पडल्या. १९३६ साली तेच काम नव्या स्वरूपात सुरू झाले, तेव्हा त्याला समुपदेशन असे रीतसर नाव मिळाले. समुपदेशक कंपनीच्याच नोकरीत असत. प्रत्येकाकडे सुमारे तीनशे कामगारांचा टापू. तो टापूत हिंडायचा, कोणी मान खाली घालून बसलेला दिसला की जवळ जायचा, आणि दोघे एका खोलीत बसायचे. जे ऐकले ते मुकादमाला सांगायचे नाही, कामगाराचे नाव फोडायचे नाही, आणि त्याच्या वतीने कोणतीही खटपट करायची नाही, असा दंडक होता. मूठभर माणसांनी सुरू झालेल्या ह्या खात्यात १९४८ साली पंचावन्न समुपदेशक होते. नंतर त्याला उतरती कळा लागली आणि १९५६ साली ते बंद झाले. दहा वर्षांनी, १९६६ साली, डिक्सन आणि रोथ्लिसबर्गर ह्यांनी त्याचा साद्यंत वृत्तांत लिहिला, तो प्रामाणिक आहे.

आता ह्या साली अमेरिकेत दुसरे काय चालले होते ते पाहा. १९३५ साली वॅग्नर कायदा झाला आणि कामगारांना आपली संघटना करून मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. १९३६ पासून सिनेटर ला फॉलेट ह्यांच्या समितीपुढे एकेक कागद येऊ लागला. मोठमोठ्या कंपन्या पिंकर्टनसारख्या खाजगी गुप्तहेर संस्थांना पैसे मोजून युनियनमध्ये हेर घालीत होत्या, हे त्यातून उघड झाले. शेजारच्या यंत्रावर उभा असलेला, आपल्याबरोबर डबा खाणारा, सभेत सर्वांत जोराने घोषणा देणारा माणूस हेर निघे. अशा दिवसांत कंपनीचा पगारी माणूस यंत्रापाशी येतो आणि गोड आवाजात विचारतो, ‘काय, आज उदास दिसता?’ कामगाराच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल? हा माणूस कोणाचा? नियम कितीही सोज्ज्वळ असोत, ह्या प्रश्नाला त्या नियमांत उत्तर नव्हते.

मोटार कामगारांच्या युनियनने १९४९ साली आपल्या मासिकात ह्या यंत्रापाशीच्या मनोपचारांची यथेच्छ टर उडविली. १९५१ साली विलेन्स्की दांपत्याने समाजशास्त्राच्या नियतकालिकात हॉथॉर्नच्या समुपदेशनावर गंभीर निबंध लिहिला आणि दाखविले की, जे गाऱ्हाणे युनियनकडे जायचे ते येथे वाफ होऊन निघून जाते. समुपदेशकांनी गुपिते फोडली, असा आमचा आरोप नाही. तसा पुरावा आमच्या वाचनात नाही. उलट त्यांनी गुपित इमानाने राखले. पण गुपिताबरोबर गाऱ्हाणेही राखले गेले. बाईचे जेवणाविषयीचे बोलणे कोणालाच कळले नाही, स्वयंपाक्यालासुद्धा नाही.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही पुष्कळ वर्षे ही कथा येथेच संपवीत असू. लोक हसत. मालकाचा समुपदेशक तो असा, आणि युनियनची कचेरी ती आपली, असा समारोप होई, टाळ्या पडत. पुढे एक गोष्ट घडली आणि तो समारोप आमच्या तोंडून निघेना.

आमचे एक सभासद होते. त्यांचे नाव, खाते आणि साल येथे दिलेले नाही; त्याचे कारण पुढे येईल. ते पुष्कळ दिवस कामावर गैरहजर राहिले. कंपनीने आरोपपत्र दिले, खातेनिहाय चौकशी लागली, आणि त्यांचे बचाव प्रतिनिधी म्हणून आम्ही उभे राहिलो. चौकशीच्या आदल्या रात्री ते कचेरीत आले, त्या लोखंडी खुर्चीवर बसले आणि दीड तासाने बोलले. महिनोन् महिने झोप नव्हती. यंत्र सुरू झाले की छाती धडधडे, आपण आता मरणार असे वाटे. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाऊन ते गोळ्या घेत होते. घरात बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. आम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ‘काही काळजी करू नका’ म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी भरचौकशीत, त्यांना एका शब्दाने न विचारता, ते सर्व सांगून टाकले. रुग्णालयाचा केसपेपरही मागवू म्हणालो. युक्तिवाद बिनतोड होता. नोकरी वाचली.

दोन दिवसांत सबंध खात्यात बातमी झाली. त्यांना एक टोपणनाव पडले. ते आम्ही येथे उच्चारीत नाही. वर्गणी ते नेमाने देत राहिले, मोर्चालाही येत. पण कचेरीत ते पुन्हा कधी बसले नाहीत. आम्ही त्यांचे होतो, ह्यात शंका नव्हती. मालकाचा एक पैसा आम्ही घेतलेला नव्हता. तरीही, हा माणूस कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्यापुरते निराळे दिले होते. आम्ही त्यांचे नव्हतो. आम्ही खटल्याचे होतो.

त्यानंतर आम्ही कार्ल रॉजर्स पुन्हा वाचू लागलो. रॉजर्स १९०२ साली शिकागोजवळच ओक पार्क येथे जन्मले. रॉचेस्टर गावी मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात त्यांनी बारा वर्षे काम केले. तेथला एक प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला आहे. एका व्रात्य मुलाच्या आईला ते परोपरीने पटवीत होते की, मुलाच्या वागण्याचे मूळ तू त्याला लहानपणी दूर लोटलेस त्यात आहे. बाईला काही केल्या ते पटेना. दोघांनी हार मानली, बाई निघाली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, ‘येथे मोठ्या माणसांनाही तपासता का?’ मग परत येऊन बसली आणि आपल्या संसाराची कर्मकथा सांगू लागली. आधीच्या मुलाखतींत रॉजर्सनी काढलेल्या निदानाशी तिचा काही संबंध नव्हता. कोठे दुखते ते दुखणाइतालाच ठाऊक असते, हे रॉजर्स त्या दिवशी शिकले, असे ते सांगतात.

१९४२ साली त्यांचा समुपदेशनावरचा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी एका माणसाच्या आठही बैठकींचे संभाषण, बदललेल्या नावाने, शब्दशः छापले. त्या काळी ध्वनिमुद्रण तबकड्यांवर होई आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. खोलीतला व्यवहार असा उघड्यावर मांडणे ही त्या धंद्यात नवलाची गोष्ट होती. वैद्य मंडळी आपले तंत्र झाकून ठेवीत. रॉजर्सनी स्वतःच्या चुकांसकट ते लोकांपुढे ठेवले. दुसरी गोष्ट त्यांनी शब्दाची केली. येणाऱ्याला रोगी म्हणायचे नाही. इंग्रजीत वकिलाकडे जाणाऱ्याला जो शब्द आहे तो वापरायचा. आपल्याकडे वकिलाचा तो अशील. वकील कितीही विद्वान असला तरी दावा अशिलाचा असतो, आणि वकीलपत्र काढून घेण्याचा अधिकारही त्याचाच. १९५७ च्या निबंधात रॉजर्सनी सांगितले की, माणूस बदलण्याला तंत्रांची जंत्री लागत नाही. समोरचा आपल्याशी खरा आहे, आपल्याला अटी न घालता मानतो आहे आणि आपले दुःख आतून समजून घेतो आहे, हे अशिलाला जाणवले पाहिजे. समुपदेशकाला तसे वाटून भागत नाही, अशिलाला ते पोचले पाहिजे; ह्यावर आम्ही वहीत दोनदा रेघ ओढली आहे.

पण रॉजर्सचेही सगळ्यांना चालले नाही. १९६४ साली एका तरुण घटस्फोटित स्त्रीने तीन निरनिराळ्या मतांच्या उपचारकांशी पाठोपाठ केलेल्या बातचितीचे चित्रीकरण झाले. एक रॉजर्स, दुसरे पर्ल्स, तिसरे एलिस. ती रॉजर्सना सरळ उत्तर मागते: मुलीशी मी खरे बोलू की नको? ते उत्तर देत नाहीत, तिचे कोडे तिच्यापुढे हळुवारपणे पुन्हा ठेवतात. पर्ल्स तिला चिडवितात. एलिस तिला समजावून सांगतात. एकच बाई, एकच दिवस, आणि तीन डॉक्टरांची तीन औषधे! मनोपचाराच्या क्षेत्रात त्या वेळी असेच संप्रदाय माजले होते. आमच्या फाटकावर चार रंगांचे चार झेंडे लागतात आणि प्रत्येकजण म्हणतो की, खरा कैवारी मीच, तसाच तो प्रकार.

ह्या झेंड्यांतून वाट काढणारे काही लोक निघाले, त्यांची परंपरा म्हणजे समन्वयी मनोपचार. तिचे बीज हॉथॉर्नचे समुपदेशन सुरू झाले त्याच १९३६ साली पडले. सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने लिहिले की, इतक्या परस्परविरोधी पद्धतींनी माणसे बरी होतात, त्या अर्थी गुण पद्धतीच्या नावात नसून सर्वांत समान असलेल्या गोष्टींत असावा. लुई कॅरलच्या गोष्टीतला पक्षी शर्यतीत धावलेल्या सगळ्यांनाच बक्षीस देतो, त्याचा दाखला त्यांनी दिला. १९६७ साली आर्नल्ड लॅझरस ह्यांनी सांगितले की, दुसऱ्याचे तत्त्वज्ञान न गिळताही त्याचे तंत्र उसने घेता येते. १९७७ साली पॉल वाक्टेल ह्यांनी मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार ह्या दोन हाडवैऱ्यांना एका ग्रंथात शेजारी बसविले. १९८३ साली अशा लोकांची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. ह्यातला तात्त्विक काथ्याकूट आम्ही सोडून देतो.

ज्याने आमचे डोळे उघडले तो निबंध १९७९ चा, एडवर्ड बोर्डिन ह्यांचा. उपचारक आणि अशील ह्यांच्या नात्याला ते युती म्हणतात. ह्या युतीला तीन पाय: कशासाठी बसलो आहोत ह्यावर एकमत, त्यासाठी दोघांनी काय काय करायचे ह्यावर एकमत, आणि आपुलकी. कामगाराला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. मागण्यांवर एकमत, लढ्याच्या कार्यक्रमावर एकमत, आणि भाईचारा. नुसता भाईचारा असला आणि मागणी नेत्याने परस्पर ठरविली, तर संप तिसऱ्या दिवशी मोडतो.

हे व्यवहारात कसे दिसते ते एक कल्पित उदाहरण घेऊन पाहू. प्रेसवर अपघात होऊन शेजाऱ्याची बोटे गेलेली ज्याने पाहिली असा एक कामगार आहे. तो आता प्रेसजवळ जाऊ शकत नाही. वर्तनोपचारवाला म्हणेल, त्याला रोज चार पावले जवळ नेऊ. विश्लेषणवाला म्हणेल, ह्या भीतीखाली जुनी भीती कोणती आहे ते शोधू. रॉजर्सचा अनुयायी त्याच्याजवळ बसून ऐकेल. समन्वयी उपचारक आधी त्यालाच विचारतो: तुम्हांला काय हवे आहे? पुन्हा त्याच प्रेसवर उभे राहायचे आहे, की खाते बदलून मागण्याचे धैर्य हवे आहे, की आधी नुसती झोप हवी आहे? तो झोप म्हणाला तर झोपेपासून आरंभ. ही रीत तुम्हांला जमते का, जमत नसेल तर दुसरी पाहू, असे मधून मधून विचारणे हा ह्या पद्धतीचा गाभा आहे. साधन अनेक पेट्यांतले, पण पेटी उघडायची ती अशिलाला विचारून.

आणि विचारणे का लागते? तर माणूस आपण होऊन सांगत नाही म्हणून. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातले डेव्हिड रेनी ह्यांनी बैठकीची ध्वनिफीत अशिलांना पुन्हा ऐकविली आणि विचारले, ह्या क्षणी तुमच्या मनात काय होते? १९९४ साली त्यांनी लिहिले की, उपचारकाचे चुकत आहे असे वाटूनही पुष्कळजण मान डोलावीत राहतात: त्याला वाईट वाटेल, तो जाणता आहे, आपणच चुकत असू. हे वाचताना आम्हांला आमच्या सर्वसाधारण सभा आठवल्या. ‘ठराव मंजूर?’ म्हटले की सगळे हात वर जातात, आणि कुरकूर चहाच्या टपरीवर होते.

मोजमापेही झाली आहेत. १९९१ साली हॉर्वाथ आणि सिमंड्स ह्यांनी चोवीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा युती कशी आहे ह्याविषयी खुद्द अशिलाचा कौल उपचारकाच्या कौलापेक्षा परिणामाशी अधिक जुळलेला निघाला. मुकादमाचा अहवाल आणि कामगाराचा अनुभव ह्यांत कोणता खरा, हा वाद आम्ही जन्मभर घातला. ही साक्ष आम्हांला आयती मिळाली. २०१८ साली तीस हजारांवर रुग्णांचे २९५ अभ्यास एकत्र केले गेले. चांगल्या युतीचा आणि चांगल्या परिणामाचा संबंध त्यांत स्पष्ट दिसतो. पण प्रांजळपणे सांगायचे तर तो मध्यम प्रतीचा आहे. परिणामांत जो कमीअधिकपणा दिसतो त्याचा दहावा हिस्साही एकट्या युतीने उलगडत नाही. विश्वास म्हणजे रामबाण, असे जो सांगेल त्याला हा आकडा दाखवावा.

गुपिताचा प्रश्न राहिला, आणि तो गोड बोलण्याने सुटत नाही. १९९१ साली शिकागोजवळच्याच हॉफमन इस्टेट्स गावी एका पोलीस अधिकारी बाईच्या गोळीने एक माणूस मेला. त्यानंतर ती बाई समुपदेशनाला जाऊ लागली. सुमारे पन्नास बैठका झाल्या. समुपदेशक होती त्याच गावच्या प्रशासनाच्या नोकरीत. म्हणजे पगार देणारा हात एकच. मृताच्या बाजूने दावा लागला, आणि त्या बैठकींची टिपणे न्यायालयाने मागितली. समुपदेशकाने ती दिली नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जाफी विरुद्ध रेडमंड ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात १९९६ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल झाला की, त्या खोलीत बोललेले बोलणे फेडरल न्यायालयातही ओढून काढता येणार नाही. हॉथॉर्नच्या साठ वर्षांनंतर, हॉथॉर्नपासून फार दूर नाही अशा गावी, मालकाच्या पगारावरच्या बाईने ‘मी कोणाची’ ह्याचे उत्तर कृतीने दिले. आम्हांला तिचा आदर वाटतो. पण खरे सांगतो, पूर्ण समाधान वाटत नाही. गोळीने गेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही त्या वेळी काय घडले ते जाणण्याचा हक्क होता. ह्या दोन हक्कांचा तराजू आमच्या हाती दिला असता तर आमचा हात थरथरला असता.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवणे बंधनकारक केले. त्यांतले काही अधिकारी फार सज्जन होते, त्यांनी कामगारांच्या मुलींची लग्ने जुळविली. तरी नेमणूक मालकाची आणि पगार मालकाचा, हे कामगार विसरला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ साली अमलात आला. त्याने मानसिक आजाराच्या रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला, आणि जिवाला धोका, न्यायालयाचा हुकूम असे थोडे अपवाद नेमून दिले. अलीकडे काही कंपन्यांच्या सूचनाफलकावर समुपदेशकाचा फोन नंबर लागलेला दिसतो. आमचे लोक तो वाचतात आणि आम्हांला येऊन विचारतात, ‘भाऊ, ह्याचं बिल कोणाकडे जातं? त्याच्यावर माझं नाव असतं का?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. हॉथॉर्नचे पंचावन्न समुपदेशक ज्याच्यावर अडखळले, तोच तो.

मध्यंतरी आमच्या एका दुसऱ्या सभासदाला घेऊन आम्ही शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडे गेलो. सवयीप्रमाणे आम्हीच बोलायला सुरुवात केली: ह्यांचे असे असे आहे. बाईंनी हात वर केला. सभासदाकडे वळून विचारले, ‘हे आत बसलेले तुम्हांला चालतील का? विचार करून सांगा, भिडेनं हो म्हणू नका.’ तो माणूस आमच्या तोंडाकडे पाहू लागला. बाई आम्हांला म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ तीस वर्षांत आम्हांला कोणी असे बाहेर बसविले नव्हते, मालकानेसुद्धा नाही. बाकावर बसलो, भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, मनातून रागही आला. पुढे त्या सभासदानेच सांगितले की, बाईंनी पहिली पंधरा मिनिटे त्याच्या दुखण्याविषयी काही विचारलेच नाही. येथले काय बाहेर जाणार नाही, कोणत्या प्रसंगी जावे लागेल, वहीत काय लिहीन, ती वही कोण पाहू शकते, फी किती, न जमल्यास केव्हा सोडून जाता येईल, एवढेच त्या बोलल्या. ‘आणि ज्यांनी तुम्हांला आणलं त्यांनी विचारलं तरी तुम्हांला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही,’ हेही.

त्या बाकावरून उठलो आणि काही दिवसांनी आम्ही आमच्या जुन्या सभासदांच्या घरी गेलो. ते आता निवृत्त आहेत, नातवाला शाळेत पोचवितात. चहा झाला. आम्ही म्हणालो, ‘त्या चौकशीच्या वेळी आमचं चुकलं. तुम्हांला विचारायला हवं होतं.’ ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘भाऊ, विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. नोकरी मलाही पाहिजेच होती.’

निघताना आम्ही विचारले की, वसंत व्याख्यानमालेत आमचे भाषण आहे, त्यात ही हकिगत सांगितली तर चालेल का? त्यांनी विचार करायला दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘सांगा,’ ते म्हणाले, ‘पण नाव, खातं आणि साल सांगू नका. आणि ते टोपणनाव तर मुळीच नको.’